सहल एक नको, फेऱ्या चार

शाळांच्या सहलींच्या यादीत एखादे पक्षी अभयारण्य बहुधा असतेच. बस पोहोचते, तिकिटे निघतात, होडीतून अर्ध्या तासाची फेरी होते. मगर दिसली की सगळे एका बाजूला झुकतात आणि नावाडी ओरडतो. परतल्यावर विचारले, तर मगर आणि जेवण एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहिलेले असते. यात मुलांचा दोष नाही. पाणथळीची जागा एका भेटीत कळेल ही अपेक्षाच मला पटत नाही. चार वर्षांत चार अभयारण्ये पाहण्यापेक्षा एकाच वर्षात एकच पाणथळ चार ऋतूंत पाहावी, आणि जे दिसले ते त्याच दिवशी वहीत लिहावे, असे माझे मत आहे. लष्करी शाळेने तर हे आवर्जून करायला हवे.

माझे घर म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात आहे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मोहल्ल्याच्या नावातच लष्कर आहे, म्हणून हा मुलगा लष्करी शाळेत गेला, अशी थट्टा नातेवाईक करतात. आमच्या घरापासून रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य पंधरा-अठरा किलोमीटरवर, श्रीरंगपट्टणच्या अलीकडे, कावेरी नदीत आहे. सुट्टीत घरी गेलो की काका तिथे नेतात. शाळेच्या सुट्ट्या वर्षातून तीनदा येतात, त्यामुळे तेच पाणी मला तीन ऋतूंत पाहायला मिळते. चौथा ऋतू पावसाळा. तेव्हा आम्ही शाळेत असतो, म्हणून त्याची बातमी काका रविवारच्या फोनवर देतात. या लेखातले अनुभव या तीन सुट्ट्यांचे आणि त्या फोनचे आहेत.

महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी या जागेची थोडी ओळख करून देतो. सतराव्या शतकात, १६४५ ते १६४८ च्या दरम्यान, म्हैसूरचे राजे कंठीरव नरसराज वोडेयर यांनी कावेरीवर एक बंधारा बांधला. बंधाऱ्यामुळे पाणी तुंबले आणि नदीपात्रातले उंचवटे बेटे होऊन राहिले. कन्नडमधल्या ‘तिट्टू’चा अर्थही उंचवटा असाच आहे. या बेटांवर झाडे वाढली आणि चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे कोल्हे, कुत्री, मांजरे तिथे पोहोचेनात. करकोचे, बगळे, पाणकावळे यांना घरटी बांधायला याहून सुरक्षित जागा कुठली? डॉ. सलीम अली म्हैसूर संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी करत होते, तेव्हा त्यांनी ही जागा पाहिली आणि ती राखावी म्हणून महाराजांना गळ घातली. १९४० मध्ये ती अभयारण्य झाली. २०२२ मध्ये तिचा रामसर यादीत समावेश झाला. जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या या यादीतले कर्नाटकातले ते पहिले नाव.

म्हणजे आपण ज्याला ‘निसर्ग’ म्हणून पाहायला जातो, तो शेतीसाठी बांधलेल्या एका बंधाऱ्यामुळे तयार झालेला आहे. आपल्याकडेही तेच दिसते. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे झाले. २०१९ मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर ठिकाण ठरले. भिगवणला रोहित पक्षी पाहायला गर्दी होते, ते पाणी भीमेवरच्या उजनी धरणाचे. धरणातले पाणी ओसरून काठचा चिखल उघडा पडला, की रोहित उतरतात. ज्या वर्षी पाणी उशिरापर्यंत चढलेले राहते, त्या वर्षी तेही उशिरा येतात. अशा ठिकाणचा ऋतू निम्मा आकाशात ठरतो आणि निम्मा धरणाच्या दरवाज्यांवर. हे एका भेटीत कधीच दिसत नाही, म्हणून फेऱ्या चार हव्यात.

आता एकेक ऋतू पाहू.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्यात, रंगनतिट्टूला पाणी कमी असते. नदीतले खडक उघडे पडतात आणि त्यांच्यावर मगरी उन्हात पडलेल्या दिसतात. नदीसुरय नावाचा काळी टोपी आणि पिवळी चोच असलेला देखणा पक्षी याच उघड्या खडकांवर आणि वाळूवर अंडी घालतो. घरटे म्हणजे नुसता खळगा, त्यात एक काडीही नसते. मोठा करवानकही तसाच खडकावर बसलेला असतो. तो हलला नाही तर दगडच वाटतो. बेटांवरच्या झाडांवर चित्रबलाकांची पिल्ले आई-बापांएवढी झालेली असतात, पण त्यांचा रंग मळकट करडा असतो. गंमत म्हणजे मोठे चित्रबलाक जवळजवळ मुके असतात, फक्त चोची वाजवतात. सारा आरडाओरडा पिल्लांचा असतो. आमच्या मेसमधल्या नव्या बॅचची आठवण येते.

पावसाळ्यात सगळे उलटे होते. कोडगूच्या डोंगरात पाऊस कोसळला की कृष्णराज सागर भरते. हे धरण रंगनतिट्टूच्या वरच्या अंगाला थोड्याच किलोमीटरवर आहे. दरवाजे उघडले की मे महिन्यातले खडक पाण्याखाली जातात, बेटांच्या कडा बुडतात, कमी उंचीवरची घरटी धोक्यात येतात आणि होड्या बंद होतात. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत हे घडले. काका फोनवर म्हणतात, “अरे, आज काठावरूनच बघून आलो. झाडांचे फक्त शेंडे दिसतायत.” या दिवसांत कोणी सहल काढत नाही. पण खरा प्रश्न याच दिवसांत कळतो, तो पुढे सांगतो.

दसऱ्याच्या सुट्टीत म्हैसूरला देशभरातून माणसे येतात आणि त्यातली बरीच रंगनतिट्टूलाही जातात. पाणी स्थिरावलेले असते, झाडे धुऊन हिरवी झालेली असतात. घरट्यांची गजबज मात्र उन्हाळ्याइतकी नसते. लांबून आलेले पर्यटक म्हणतात, “इथे विशेष काही नाही.” त्यांचे बरोबर आहे आणि नाहीही. जी वेळ त्यांनी निवडली, तिचे चित्र एवढेच आहे. शांत बसले तर पंख पसरून वाळवत बसलेला तिरंदाज दिसतो, पाणमांजरांची जोडी एखादे वेळी डोके वर काढते, आणि बांबूत दिवसभर डुलक्या काढणारा रातबगळा डोळा उघडतो.

हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, पाहुणे येतात. त्यांच्यासाठी रंगनतिट्टूपेक्षा म्हैसूरच्या आसपासचे तलाव बरे. तलवार बदके, भुवई बदके, तुतारी, दलदली हारिण उथळ पाण्यावर आणि गवताच्या कडेने दिसतात. नंजनगुडच्या बाजूला हदिनारूच्या तलावावर पट्टकादंब उतरतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेला हा हंसवर्गातला पक्षी ऊन खात बसलेला असतो, तेव्हा त्याने केलेल्या प्रवासाचा थांगही लागत नाही. रंगनतिट्टूच्या बेटांवर तोवर काही जातींची काटक्यांची ने-आण सुरू झालेली असते. चार फेऱ्या झाल्या की चक्र असे पूर्ण होते.

आता पावसाळ्यातला तो खरा प्रश्न.

कृष्णराज सागराची पूर्ण पातळी १२४.८० फूट. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला आणि धरण भरलेच नाही. २०२४ मध्ये ते जुलैत भरले. २०२५ मध्ये जून संपता संपता भरले. लागोपाठच्या तीन वर्षांत खालच्या बेटांनी तीन वेगळी वर्षे पाहिली. पाणी फार कमी झाले, तर बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री सरळ चालत घरट्यांखाली पोहोचतात. पाणी अचानक वाढले, तर खडकावरची अंडी एका रात्रीत वाहून जातात. दोन्ही बाजूंनी पक्ष्यांचेच नुकसान.

यावर कोणी म्हणेल, की पक्ष्यांसाठी पाणी अडवायचे किंवा सोडायचे का? मुळीच नाही. त्या धरणावर मंड्याचा ऊस आणि भात उभा आहे, म्हैसूर आणि बंगळूरची तहान आहे, आणि १६ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे तमिळनाडूला वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी द्यायचे आहे. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. माणसांचा हक्क पहिला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्या काकांचे मित्र मंड्याकडे शेती करतात. २०२३ मध्ये त्यांच्या शेताची काय अवस्था होती, ते आम्ही ऐकले आहे.

पण कावेरी लवादाने २००७ च्या निवाड्यात ७४० टीएमसीचा हिशेब मांडताना पर्यावरणासाठीही १० टीएमसी बाजूला ठेवले. म्हणजे नदीलाही काही लागते हे तत्त्व मान्य झालेले आहे. अडचण अशी, की टीएमसी हा वर्षाचा हिशेब आणि घरट्याचा हिशेब तासांचा. तेवढेच पाणी तीन दिवसांत पायरीपायरीने सोडले, तर पिल्ले वरच्या खडकावर सरकू शकतात. ते एका रात्रीत सोडले, तर नाही. कावेरीला महापूर येतो तेव्हा अभियंत्यांना निवड नसते, धरण वाचवावेच लागते. पण एप्रिल-मेमध्ये कालव्यासाठी किंवा पिण्यासाठी पाणी सोडले जाते, तेव्हा निवड करता येते. तिथे एक थेंबही जास्त मागायचा नाही, फक्त वेळ आणि वेग मागायचा आहे.

हे मागायचे कोणी आणि कशाच्या आधारावर? अधिकारी विचारणारच: अंडी कोणत्या आठवड्यात असतात? किती जोड्या? पाण्यापासून किती उंचीवर? ‘मला वाटते’ हे त्यावर उत्तर होत नाही. उत्तर असते वहीत: अमुक तारीख, अमुक खडक, घरटी इतकी, पाणी खडकाच्या अमुक रेघेपर्यंत. अशा दहा वर्षांच्या वह्या असतील, तर पक्ष्यांच्या वतीने बोलणाऱ्याच्या हातात काहीतरी असते. म्हणून सहलीचा फोटो आणि चार फेऱ्यांची वही यांतली वही मला मोलाची वाटते.

आपल्या शाळेत कोणी विचारील, हे सगळे ठीक आहे, पण आपण सैनिक होणार, पक्षी मोजून काय करायचे? याचे उत्तर रंगनतिट्टूपासून तीन-चार किलोमीटरवर, त्याच नदीत, श्रीरंगपट्टणच्या किल्ल्याने देऊन ठेवले आहे. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपू सुलतानाच्या राजधानीजवळ पोहोचला. पण पाऊस, बैलांची मर आणि धान्याची टंचाई यांनी त्याला गाठले. वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून त्याला मागे फिरावे लागले. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याला मेलुकोट्याच्या बाजूला भेटल्या त्या याच माघारीत, आणि मराठ्यांच्या छावणीतल्या बाजाराने त्याच्या उपाशी सैन्याला हात दिला. पुढच्या वेळी वेढा पडला तो १७९२ च्या फेब्रुवारीत, कोरड्या दिवसांत. १७९९ चा शेवटचा हल्ला झाला ४ मे रोजी, पावसाच्या तोंडावर, पण नदी अजून पायी ओलांडता येत होती तेव्हा. किल्ला तोच, नदी तीच, महिना वेगळा आणि निकाल वेगळा. नकाशावर कावेरी एक निळी रेघ आहे. ती कोणत्या महिन्यात किती खोल असते, हे नकाशा सांगत नाही. ते तिथे वारंवार गेलेला आणि पाहून लिहिलेला माणूस सांगतो. आपण ज्याला रेकी म्हणतो, ती याहून वेगळी काय असते?

नोंदीबद्दल आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे खरेपणा. रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा ब्रिटिश सैन्यातला कर्नल पक्षीतज्ज्ञ म्हणून जगभर मान्यता पावलेला होता. १९३७ मध्ये सलीम अलींबरोबर तो अफगाणिस्तानच्या मोहिमेवरही होता. त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १९९० च्या दशकात, उघड झाले की त्याने संग्रहालयांतले दुसऱ्यांचे नमुने चोरून त्यांवर खोट्या तारखा आणि खोटी ठिकाणे घातली होती. त्यात आपल्या खानदेशचा रानपिंगळाही होता. या छोट्या घुबडाची खरी अशी शेवटची नोंद १८८४ ची होती. कर्नलसाहेबांनी १९१४ ची गुजरातमधली एक नोंद दाखवली होती, ती बनावट निघाली. ती बाजूला काढून, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी! खोटी नोंद शोधणाऱ्याला चुकीच्या जागी पाठवते, आणि शंभर वर्षे जुनी खरी नोंद त्याला योग्य झाडापर्यंत आणते. छातीवर पदके असलेल्या अधिकाऱ्याचे नाव या एका कारणाने काळे झाले. आपल्या वहीत ‘दिसला नाही’ असे लिहायला लाज वाटायचे कारण नाही. ‘दिसला नाही’ हीसुद्धा नोंदच असते.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतील. चार सहलींचा खर्च कुठून आणायचा? परीक्षा, परेड, आंतर-हाउस सामने यांतून वेळ कसा काढायचा? प्रत्येकाच्या घराजवळ रंगनतिट्टू नसते. हे तिन्ही आक्षेप खरे आहेत आणि तिन्हींना उत्तर एकच आहे: पाणथळ मोठी असण्याची गरज नाही. म्हैसूरमध्येच विद्यापीठाला लागून कुक्करहळ्ळीचा तलाव आहे, १८६४ साली बांधलेला. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी, प्राणिसंग्रहालयाला लागून कारंजी तलाव आहे. लष्कर मोहल्ल्यातून दोन्हीकडे सायकलने जाता येते. तुमच्या गावातही पाझर तलाव असेल, जुने तळे असेल, नदीचा डोह असेल. सहलीच्या बसऐवजी सुट्टीतली एक सकाळ पुरते. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर पाणी आणि चिखल यांच्या नोंदी डोळ्यांनीही होतात. आपल्याला सहा वाजता उठायची सवय आहेच. घरी गेल्यावर ती टिकवण्याचे हे एक निमित्त समजा.

शाळेसाठी माझी सूचना अशी आहे. प्रत्येक हाउसने एक जाड वही ठेवावी. सुट्टीवरून परत येताना प्रत्येक कॅडेटने आपल्या गावच्या एका पाण्याचे एक पान आणावे. त्यात सहा गोष्टी असाव्यात: ठिकाण, तारीख आणि वेळ, पाणी किती (मागच्या वेळेपेक्षा कमी की जास्त), दिसलेले पक्षी आणि त्यांची संख्या, ते काय करत होते, आणि माणसे तिथे काय करत होती. शेवटचा रकाना गाळू नये. मासेमारी, धुणे, भराव, सांडपाणी, मोटारपंप हे सगळे त्या पाण्याच्या ऋतूचाच भाग आहेत. आपल्या शाळेत इतक्या जिल्ह्यांतली मुले आहेत, की दोन वर्षांत ही वही कुठल्याही एका माणसाला लिहिता येणार नाही अशी होईल. ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घ्यावा. आपल्या भागात ती १९८७ पासून चालू आहे आणि सामान्य हौशी माणसांच्या श्रमावरच उभी आहे.

काही नियमही आताच ठरवून घेऊ. घरट्याजवळ जायचे नाही. पक्षी उठला, की आपण जास्त जवळ गेलो असे समजून मागे यायचे. अंडे-पिल्लू हातात घ्यायचे नाही. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचे नाही. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा सगळ्यांना पाठवत सुटायची नाही. होडीत असाल तर नावाड्याला “अजून जवळ घ्या” असे म्हणायचे नाही. तो नकार देऊ शकत नाही, म्हणून ती जबाबदारी आपली.

बंधारा बांधणाऱ्या राजाने पक्ष्यांचा विचार केला नसेल. तरी त्याच्या बंधाऱ्याने त्यांना जागा दिली. तीनशे वर्षांनी एका पाहणाऱ्याने ते नीट पाहिले, राजाला सांगितले आणि ती जागा राखली गेली. आता दरवाजे उघडणारे आणि बंद करणारे हात आपल्या काळातले आहेत. त्या हातांपर्यंत पोहोचेल अशी माहिती गोळा करणे आपल्याला जमण्यासारखे आहे. पुढची सुट्टी कधी लागते ते सूचना फलकावर लागलेच आहे. हाउसच्या वहीचे पहिले पान तेव्हा भरायला घेऊ.